खळ्यातला सागवानी बाक: सातबाऱ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

गणपतीत, 2022 साली, आमच्या गावच्या घरी काका खळ्यातल्या (घरापुढच्या अंगणातल्या) बाकावर बसले आणि बाकाचा डावा पाय शांतपणे आत गेला. मोडला नाही, काडकन आवाज झाला नाही. बिस्किट चहात बुडावे तसा दबला. काका उठून उभे राहिले, हातातला चहा सांभाळला आणि म्हणाले, "सागवानी ना गो हा?"

सागवानीच होता. निदान पावतीवर तसे लिहिले होते. 2019 च्या दिवाळीत पुण्यातल्या एका दुकानातून मी तो 18,500 रुपयांना घेतला होता आणि टेम्पोभाडे वेगळे देऊन उत्तर रत्नागिरीतल्या आमच्या घरी पाठवला होता. तीन पावसाळ्यांत त्याची ही गत झाली. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण सागाला पाऊस सोसत नाही, असे तर कोणी कधी म्हटले नव्हते.

आमच्या गावच्या मिस्त्रींनी तो बाक उलटा केला, पटाशीने पायाचा तुकडा उडवला आणि मला आत दाखवले. मधे बोटभर तपकिरी लाकूड, बाजूला सगळे फिकट, भुसभुशीत, भुंग्याने पोखरलेले. "ह्यो पांढरा, ताई. झाड सागाचाच, पण हा सागाचा पांढरा. वरून रंग मारून सगळा एकसारखा केलाय."

सागाच्या ओंडक्यात सालीलगत एक फिकट थर असतो, तो हा पांढरा. झाड जिवंत असताना त्यातून पाणी वर चढते. आतल्या गाभ्यात मात्र झाड वयाबरोबर तेलकट, कीड न मानवणारी द्रव्ये साठवत जाते, म्हणून गाभा टिकतो. पांढऱ्यात ती नसतात. त्यामुळे तो कुजायच्या आणि किडायच्या बाबतीत इतर कुठल्याही साध्या लाकडासारखाच. दुकानदार खोटे बोलला नव्हता, एवढेच.

दुसरा बाक विकत घेण्याऐवजी घरचीच झाडे तोडून करावा, हे आईने सुचवले. बाबांनी 1982 च्या पावसात बांधावर सागाचे स्टंप (मुळासकट छाटलेली रोपे) लावले होते. त्यातली पाच झाडे उरली होती. दोन झाडांची सावली कलमांवर पडत होती, त्यामुळे ती कधीतरी काढायचीच होती. मला वाटले, आपली जमीन, आपली झाडे, दिवाळीत तोडू आणि संक्रांतीपर्यंत बाक तयार. प्रत्यक्षात बाकावर बसायला एप्रिल 2024 उजाडला. कुणी याच वाटेने जाणार असेल तर त्याला अंदाज यावा म्हणून सगळे तारखांसकट लिहिते आहे.

साग हे स्वतःच्या जमिनीतले झाड असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग आहे. तोडल्यावर लाकूड हलवायला वाहतूक पास वेगळा लागतो. बांधावरून सॉ मिलपर्यंत न्यायचे असले तरीसुद्धा.

वनविभागाच्या कार्यालयात पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या लिपिकाने शांतपणे कागदांची यादी सांगितली: अर्ज, सातबारा, आठ-अ (खातेउतारा), गटाचा नकाशा, चतुःसीमा, झाडांची संख्या आणि घेर, आणि सर्व सहहिस्सेदारांची संमती. मी यादी उतरवून घेत होते. 'सर्व' या शब्दाशी हात थांबला.

आमच्या सातबाऱ्यावर सहा नावे आहेत. आई, मी, भाऊ, बोरिवलीचे दोन चुलतभाऊ आणि बडोद्याच्या आत्या. भांडण कुणाशीच नाही. पण भांडण नसलेल्या माणसांकडूनही सही मिळवायला पाच आठवडे लागतात, हे मला तेव्हा कळले. एक चुलतभाऊ म्हणाला, "अगं, दोन झाडांना स्टँप पेपर कशाला? फोनवर सांगतो की त्यांना." आत्यांना वाटले, जमीन विकायला काढली. त्यांच्याशी तीन वेळा बोलले, झाडांचे फोटो पाठवले, शेवटी त्यांच्या सुनेने नोटरीकडे नेऊन सही घेतली आणि कुरिअरने पाठवली. शंभराचे स्टँप, नोटरी, कुरिअर, माझ्या पुण्याहून फेऱ्या, असे सगळे मिळून 6,000 रुपये या टप्प्यात गेले. झाडे तोडायच्या आधी सातबारा ऑनलाइन काढून बघा, डिजिटल सहीच्या प्रतीला 15 रुपये पडतात. त्यावर मृत व्यक्तीचे नाव राहिले असेल तर आधी वारसनोंद करावी लागेल आणि त्यात आणखी काही महिने धरा. बाबांच्या पश्चात आमची नोंद झालेली होती, म्हणून वाचलो.

14 डिसेंबर 2022 ला अर्ज दिला. पोच घेतली. पोच नेहमी घ्या, पुढच्या प्रत्येक फेरीत तोच नंबर विचारतात. 19 जानेवारीला वनपाल आणि वनरक्षक जागेवर आले. छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजला (एक 46 इंच, दुसरे 38), रंगाने नंबर टाकले, बांध आमच्याच गटात येतो का ते नकाशावर पाहिले, पंचनामा केला. आईने कोकम सरबत दिले. त्यातल्या एकाने झाडाकडे वर बघत "चांगला सरळ वाढलाय" म्हटले, तेव्हा मला उगाच बाबांचे कौतुक झाल्यासारखे वाटले आणि लगेच त्याच झाडावर रंगाचा नंबर दिसला.

परवानगी 27 फेब्रुवारीला हातात आली. बदल्यात झाडे लावण्याची अट त्यात होती. 11 मार्चला दोघे गडी आणि मशीनची करवत घेऊन झाडे पाडली, 3,500 रुपये. आई आतच बसली. ओंडक्यांवर हातोड्याचा ठसा पडला, मोजमाप झाले, 20 तारखेला वाहतूक पास मिळाला. पासावर गाडीचा नंबर, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते. आमच्या टेम्पोवाल्याची गाडी ऐनवेळी बिघडली असती तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गाडी ठरवून, तिचे कागद बघून मगच पास घ्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ओंडके सॉ मिलमध्ये पोचले. तिथला हिशोब समजून घेण्यासारखा आहे, कारण लाकूड विकत घेतानाही तोच चालतो. ओंडक्याचा मधला घेर इंचांत मोजायचा, त्याला चारने भागायचे, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीने गुणायचे आणि 144 ने भागायचे. आमचा मोठा ओंडका 42 इंच घेराचा, 8 फूट लांब. म्हणजे साडेदहाचा वर्ग गुणिले 8 भागिले 144, सव्वासहा घनफुटांना थोडे कमी. ओंडका खरा गोल असतो, त्यात यापेक्षा सव्वापट लाकूड असते. हा फरक कापण्यातल्या नुकसानीपोटी सोडलेला असतो. चार ओंडके मिळून आमचे जवळजवळ 17 घनफूट भरले. 90 रुपये दराने कटाई 1,521. टेम्पो 2,800.

त्या सतरातून चिरलेले लाकूड निघाले साडेदहा घनफूट. पांढरा वेगळा काढल्यावर सात. चाळीस वर्षांच्या झाडातही एवढा पांढरा निघतो, मग पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीच्या सागात किती निघत असेल याचा विचार करा. मिस्त्री म्हणतात रुंद रिंगांचे झाड लवकर वाढलेले, म्हणून हलके. मी वाचले त्यावरून सागाच्या बाबतीत वाढीचा वेग आणि वजन यांचा तसा सरळ संबंध नाही. खरी अडचण कोवळ्या झाडात गाभा कमी असतो, ही आहे. यावर आमचे एकमत झालेले नाही.

फळ्या पाहून माझी निराशा झाली, तेही सांगते. मला सोनेरी लाकूड हवे होते. समोर होत्या हिरवट, काळपट पट्ट्यांच्या, डागाळलेल्या फळ्या. झाड वाया गेले, असे मनात आले. मिस्त्रींनी एक फळी उन्हात टाकून ठेवली आणि आठवड्याने दाखवली. सगळी एकसारखी मधाच्या रंगाची झाली होती. ताजा चिरलेला साग असाच दिसतो, उजेड लागला की रंग जुळून येतो. त्यामुळे दुकानात नवीकोरी वस्तू पहिल्या दिवसापासून डागविरहित, एकाच रंगाची दिसली तर मला आता आधी रंग मारल्याची शंका येते. नखाने खरवडता येईल अशी न रंगवलेली जागा शोधा, बहुतेक बैठकीखाली सापडते. तिथे हात फिरवला की किंचित मेणचट लागते आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो.

मग वाळवण. हा टप्पा सर्वांत लांब आणि लिहिण्यासारखे त्यात सर्वांत कमी. पडवीत विटांवर फळ्यांची थप्पी लावली, दोन फळ्यांमधे एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, एका खाली एक बरोबर रेषेत. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासला, कारण टोकातून पाणी भराभर जाते आणि भेगा तिथूनच पडतात. वर दगड. ऊन थेट नको, वारा हवा. ओल मोजायचे पिनांचे यंत्र 1,450 रुपयांना मागवले. मार्चअखेर आकडा 38 टक्के दाखवत होता (तिशीच्या वर हे यंत्र फारसे विश्वासाचे नसते), जुलैत 21, दिवाळीनंतर 17, फेब्रुवारी 2024 मध्ये 13. पायांसाठी चिरलेले अडीच इंची चौकोन मात्र अजून 17 वरच होते. मला घाम फुटला. मिस्त्रींना तेच बरे वाटले: "आडवा सुका, पाय जरा ओला. पाय आटेल तसा सांधा आवळेल."

26 फेब्रुवारीला काम सुरू झाले. मधे शिमगा आला. पालखी गावात असताना रंध्याला हात लागणार नाही, हे गृहीतच धरा. 8 एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पाच फुटी बाक, एक टेबल आणि दोन खुर्च्या तयार झाल्या. मिस्त्रींचे 19 दिवस 1,100 रुपयांप्रमाणे, मदतनिसाचे 12 दिवस 650 प्रमाणे.

या दिवसांत मी रजा काढून तिथेच बसले होते आणि जे शिकले ते आधी माहीत असते तर दुकानातला बाक घेतलाच नसता. जुन्या बाकाचे सांधे खिळ्यांचे होते, आणि भुसा नि गोंद कालवून फटी बुजवलेल्या. मिस्त्रींनी एका लाकडात खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ केली, आरपार भोक पाडून सागाचीच खुंटी ठोकली. साग तेलकट असल्यामुळे त्याला गोंद नीट धरत नाही. म्हणून सांध्याची बाजू रंधून झाली की लगेच, फार तर थिनरने पुसून, पाण्याला टिकणारा गोंद लावायचा. आज रंधून उद्या चिकटवायचे, असे नाही. बैठकीच्या पट्ट्यांमधे दोन सूत (पाव इंच) फट. मी म्हटले, फट जास्त वाटते. "पावसात फुगेल, आणि पानापानांचा कचरा खाली पडायला वाट नको?"

स्क्रू तालुक्याच्या बाजारातून मी आणले, स्टीलचे म्हणून. चकाकत होते. मिस्त्रींनी स्पीकरमधले जुने लोहचुंबक काढले, सगळे स्क्रू त्याला लटकले. मुलामा दिलेले लोखंड. समुद्र आमच्यापासून चार किलोमीटरवर, तिथे लोखंड गंजते आणि सागातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी मिळून काळे ओघळ सोडते. शेवटी 316 ग्रेडचे, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे, स्क्रू पुण्याहून मागवले. ते, गोंद, पॉलिश पेपर मिळून 4,300.

एक सूचना मनापासून: सागाला पॉलिश पेपर मारताना नाकाला फडके बांधा. भुसा बारीक असतो आणि बोचतो. मी दोन दिवस शिंकत होते, मनगटावर पुरळ उठले ते वेगळे.

जेवणानंतरच्या गप्पांत मी मिस्त्रींना सांगितले, की मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याने 1817 साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' नावाचे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. त्यांनी पान लावता लावता ऐकून घेतले. "त्याला पांढरा नसेल वापरलेला," म्हणाले.

सगळा खर्च सुमारे 48,000 झाला. लाकूड घरचे होते म्हणून. पुण्यात एका वखारीत मी चौकशी केली तेव्हा प्रतीनुसार 3,200 पासून 5,500 रुपये घनफूट असे भाव सांगितले. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लाकडाला तिथे 'सीपी टीक' म्हणतात, मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या) काळातले नाव अजून चालू आहे, आणि त्याचा भाव वरचा. आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून येणारा साग स्वस्त. सात घनफुटांचे गणित तुम्हीच करा. स्वस्तात पडले, असे म्हणणार नाही, कारण दीड वर्षाच्या फेऱ्या मी हिशोबात धरलेल्या नाहीत.

आता निगा. इथे मी एक चूक केली, मुद्दाम प्रयोग म्हणून केली असे म्हणायला आवडले असते, पण तसे नव्हते. बाजारात 'टीक ऑइल' मिळते. ते सागाचे तेल नसते, साधारणपणे जवसाचे किंवा तसलेच दुसरे तेल नि त्यात थोडे वॉर्निश. मी दोन खुर्च्यांना दोन हात जवसाचे तेल लावले, सुंदर दिसल्या. तेवढ्यात डबा संपला, म्हणून बाक आणि टेबल तसेच राहिले. 2024 च्या जुलैत खुर्च्यांवर काळी बुरशी धरली, ठिपक्याठिपक्यांची, हाताला लागणारी. आमच्या दमट हवेत ते तेल म्हणजे बुरशीला मेजवानी. काहीच न लावलेला बाक मात्र फक्त फिका पडत गेला. तेल लावणारच असाल तर तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके दोरीवर पसरून वाळवा.

पहिल्या पावसात बाकाखालच्या जांभ्यावर चहासारखे पाणी ओघळले. नव्या सागातून टॅनिन निघते. पावसाच्या दोन-तीन मोठ्या सरींनी ते कमी झाले, पण तेवढ्यात शेजारच्या काकूंच्या पांढऱ्या साडीला बसायच्या जागी डाग पडला. तो गेलेला नाही आणि त्या तो विसरलेल्याही नाहीत. पहिल्या पावसाळ्यात हलक्या रंगाच्या फरशीवर आणि कपड्यांवर लक्ष ठेवा.

दिवाळीपर्यंत बाक रुपेरी-करडा झाला. उन्हाने लाकडाच्या अगदी वरच्या थरातले द्रव्य सुटते आणि पाऊस ते धुऊन नेतो. पॉलिश पेपर दोनदा फिरवला की खाली जुना रंग तसाच असतो, मी एका कोपऱ्यात करून पाहिले. भाऊ म्हणतो पुन्हा सोनेरी कर. मला करडाच आवडायला लागलाय.

धुणे वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर. रिठ्याचे पाणी, काथ्याचा मऊ ब्रश, रेषांच्या दिशेने. गाडी धुवायच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, मऊ भाग उडून लाकूड खडबडीत होते. टेबलावर आईने लोखंडी विळी ओली ठेवली होती, तिचा काळा डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ पाण्याने गेला. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. पहिल्या वर्षी मी बाकावर ताडपत्री घट्ट बांधली होती. आठ दिवसांनी उघडली तर खाली वाफ धरलेली आणि कुबट वास. आता काही झाकत नाही. पायाखाली मात्र प्रत्येकी एक जाड रबरी चकती ठोकली आहे, कारण पायाचे टोक ओल्या जांभ्यावर टेकले की स्ट्रॉसारखे पाणी वर ओढते. जुना बाक तिथूनच गेला होता.

दुसरा पावसाळा 2025 मध्ये संपला. सांधे घट्ट आहेत. टेबलाच्या एका फळीला टोकाशी चार इंचांची भेग गेली आहे, मिस्त्री म्हणाले राहू दे. खुर्च्या मी दोन रविवार घालवून घासल्या, त्यांचा रंग बाकाच्या रंगाला अजून जुळलेला नाही.

टेबलावर एक जांभळट डागही आहे. 2025 च्या मे महिन्यात आईने त्यावर कोकमे वाळत घातली होती आणि पाऊस 26 तारखेच्या सुमारासच कोसळला, इतक्या लवकर येईल असे कुणाच्या मनातही नव्हते. सगळा रस फळीत मुरला. ऑक्झॅलिकने निघेल का बघू, असे मी म्हणत होते. आई म्हणाली, कशाला, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच घालायचीत. बदली म्हणून लावलेल्या सागाच्या स्टंपांपैकी चार जगलेत, गुडघ्याएवढे झालेत, आणि शेजाऱ्यांच्या बकरीला त्यांत रस नाही.